ताईने कबूल केलेले पाप

या प्रकरणाला एक प्रश्न आहे आणि तो मी आधीच फळ्यावर लिहून ठेवते, कारण प्रश्न माहीत नसताना उत्तर पाठ करण्यात काही अर्थ नसतो. प्रश्न असा: कारखान्यातल्या यंत्राखाली एखाद्या मुलीची बोटे जातात, तेव्हा ते पाप कोणाच्या नावावर धरावे? 'पाप' हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. 'अपघात' म्हटले की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. 'चूक' म्हटले की ती सुधारू, असे सांगून मोकळे होता येते. पाप मात्र बेवारस राहू शकत नाही, ते कोणाचे तरी असावेच लागते, असे मला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले गेले. पुढे जन्मभर शाळेत शिकवूनही याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. माझी थोरली बहीण अ‍ॅग्नेस, म्हणजे आमची ताई, हिने ते पाप स्वतःच्या नावावर घेतले होते. ते तिच्या नावावरून कसे उतरले आणि उतरवताना कोण आडवे आले, एवढेच इथे सांगायचे आहे. मी हे रागाने लिहिते आहे. राग निवला असता तर लिहायला बसलेच नसते.

आमचे घर थेरगावात, डांगे चौकाच्या आतल्या बाजूला, सखूकाकूंच्या चाळीत होते. सखूकाकू जुन्या गावच्या, शेतीवाल्या घरातल्या. त्यांच्या एका वावरात म्हशींचा गोठा होता आणि शेजारच्या वावरात पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या होत्या. शेणाचा वास आणि यंत्राच्या तेलाचा वास आमच्या मागच्या खिडकीतून एकदमच आत येत, आणि दोहोंचे भाडे-उत्पन्न काकूंच्याच घरी जाई. आम्ही राहुरीकडचे, मराठी बोलणारे कॅथलिक. बाबा एका मोठ्या कंपनीच्या बागेत माळी होते. ते पहाटे सायकलवर निघत आणि परत येताना नेहमी कसली तरी फांदी कलम करायला घेऊन येत. आई घरी असे. तिच्या हातची येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी हे आमचे रोजचे जेवण. उपवासकाळातल्या शुक्रवारी हुलग्याची शेंगोळी, आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आलो की मटणाचा रस्सा. पण त्या घराची खरी आठवण चवीपेक्षा आवाजाची आहे. मागच्या शेडीतल्या प्रेसचा धप्प असा आवाज दिवसभर भिंतीतून येत असे. मांडणीवरची भांडी त्याने बारीक किणकिणत. आईच्या भाकरी थापण्याला नकळत त्याचीच लय लागली होती. पाहुणे आले की दचकत. आम्हाला तो आवाज थांबला तरच ऐकू येई.

ती शेड पीटरशेठची. शेठ आमच्यातलेच, नगर जिल्ह्यातलेच. मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये कित्येक वर्षे डोके खाली घालून काम केलेले, मग नोकरी सोडून स्वतःचे प्रेस टाकलेले. गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या तिथे तयार होत. आमच्या चर्चमध्ये त्यांच्याविषयी अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्यातला एक जण मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. शेठ चर्चमधल्या मुलींना आवर्जून कामावर घेत, नाताळात प्रत्येकीच्या घरी केक पाठवत, चर्चच्या गळक्या छपरावर नवे पत्रे त्यांनीच घातले होते. बाबा म्हणत, "आपल्या माणसाच्या छायेत पोरगी आहे, काळजी नाही." ताईची बारावी झाली आणि ती तिथे लागली.

आता यंत्र समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय माझा राग तुम्हाला अवास्तव वाटेल. प्रेस म्हणजे मूलतः एक मोठा ठोसा. खालच्या साच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, वरचा जड भाग खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. तो खाली येण्यासाठी दोन बटणे असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, मुद्दाम लांब लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच यंत्र चालते. यात मोठे शहाणपण आहे. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्यात एकही हात असू शकत नाही. म्हणजे काम करणारी थकलेली असो, झोपाळलेली असो, घरच्या काळजीत असो, तिचे लक्ष असो वा नसो, यंत्र तिला इजा करू शकत नाही. ही बटणे बनवणाऱ्याने माणसाचे लक्ष उडणारच, हे गृहीत धरले होते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

पीटरशेठच्या शेडीत डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असे. पाचरीमुळे ते बटण कायम दाबलेले राही. मग यंत्र उजव्या बटणावर चाले आणि डावा हात मोकळा होई. त्या मोकळ्या हाताने तयार पट्टी ओढायची, नवा पत्रा सरकवायचा, आणि ज्या पत्र्यांना उजवीकडूनच सरकवावे लागे तिथे हातांची अदलाबदल करायची: बटणावर डावा, साच्यात उजवा. माल भराभर निघे. मुलींनी त्या पाचरीचे नाव 'जावई' ठेवले होते. ताई घरी नक्कल करून दाखवी, "एकदा बसला की बसला. काम काही नाही, आणि ऊठ म्हणायची कोणाची छाती नाही!" आई हसून पदर तोंडाला लावी. आम्ही सगळेच हसत असू.

त्या दिवसाचे वर्णन मी करणार नाही. जेवणाच्या सुट्टीला अवकाश होता आणि भिंतीतला आवाज थांबला. आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. ताईच्या उजव्या हाताची तर्जनी आणि तिच्या शेजारचे बोट गेले.

दवाखान्यातून ताई घरी आली त्या आठवड्यात आमच्याकडे माणसांची रीघ होती आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता: लक्ष. सुरुवात खुद्द शेठनीच केली. मोसंबी घेऊन आले, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे ओले होते, तेही नाटक नव्हते. म्हणाले, "गुणाची पोर. पण एक क्षण लक्ष गेलं बघा. मशीनपुढं लक्ष हवंच." बाबांनी मान हलवली. चर्चच्या बायका जपमाळ म्हणायला आल्या, त्याही म्हणाल्या, "लक्ष द्यायचं गं बाई." जो तो तेच म्हणत राहिला आणि बघता बघता ते खरे होऊन बसले. त्या सगळ्यांत वेगळे बोलल्या त्या एकट्या सखूकाकू. दुधाचे भांडे उंबऱ्यावर आपटून म्हणाल्या, "लक्ष न्हवतं म्हनं! म्हशीचं दावं यांनी सोडून ठिवायचं आन्‌ पोरीला इचारायचं, शिंग का लागलं?" आई दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, हळू. शेठ तुमचेच भाडेकरू आहेत." "हाय ना. म्हनूनच म्हाईत हाय मला, दावं कुनी सोडलं त्ये."

ताई पुन्हा भाकऱ्या करायला बसू लागली. तिने डाव्या हाताने भाकरी थापायला शिकून घेतले. भाकरी एका बाजूला जाड होई. आम्ही ती मुकाट्याने खात असू.

इथे फादर लॉरेन्स यांची ओळख करून द्यायला हवी. ते आमच्या धर्मग्रामाचे, म्हणजे चर्च आणि त्याखालच्या वस्तीचे, प्रमुख, उंच, किंचित वाकलेले, उत्तम मराठी बोलणारे. मी तेव्हा अकरावीत होते आणि रविवारी लहान मुलांना धर्मशिक्षण देत असे. आम्हा शिकवणाऱ्यांसाठी फादर शनिवारी वेगळा वर्ग घेत. त्या वर्षी त्यांनी कामगारांविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते, हा विषय लावला होता. तो वर्ग मला आजही जसाच्या तसा आठवतो. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो. श्रम आधी, भांडवल नंतर, कारण भांडवल हे आधीच्या कोणाच्या तरी श्रमातूनच साठलेले असते. कामगाराला न्याय्य मोबदला, सुरक्षित जागा आणि एकत्र येण्याचा हक्क हे मालकाचे उपकार नव्हेत. मालकाने दानधर्म केला म्हणून न्यायाचे देणे फिटत नाही. ही शिकवण एखाद्या तापट पुढाऱ्याची नव्हे, एकामागून एक आलेल्या पोपमहाशयांनी जवळजवळ शंभर वर्षे सगळ्या जगाला पत्रे लिहून ती सांगितली आहे, असे फादर म्हणाले. शेवटी त्यांनी त्या पापांविषयी सांगितले ज्यांची हाक थेट स्वर्गात पोचते. निरपराधाच्या रक्ताच्या बरोबरीने त्यांत कामगाराचा हक्क बुडवणेही येते. मी ते सारे मन लावून ऐकले होते. दुर्दैवाने, विश्वासही ठेवला होता.

पवित्र सप्ताह आला. ईस्टरच्या आधी पापकबुली द्यायची आमची रीत, म्हणून ताई आईबरोबर चर्चला जाऊन आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा शांत दिसत होता. मी कांदा चिरत होते. ती शेजारी बसली.

"बरं वाटलं कन्फेशन देऊन," ती म्हणाली.

"तुझं असलं कसलं पाप होतं गं?" मी थट्टेने विचारले.

"हाताचं."

मला कळले नाही. ती समजावून सांगू लागली, एखाद्या लहान मुलीला सांगावे तसे. "शरीर देवानं दिलंय. आपण ते नीट सांभाळायचं असतं. मी निष्काळजीपणा केला आणि मोडलं. तेवढं सांगून टाकलं. प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. म्हटल्या तिथंच गुडघे टेकून."

मी सुरी खाली ठेवली. कॅथलिक नसलेल्या वाचकासाठी हे थोडे स्पष्ट करते. आमच्यात माणूस फादरांपुढे आपली पापे सांगतो, फादर देवाच्या वतीने क्षमा देतात, आणि मग ते पाप पुसले जाते. पण पुसले जाण्यासाठी ते आधी तुमच्या नावावर लागते. ज्या मुलीची बोटे दुसऱ्याच्या घाईने खाल्ली, ती गुडघे टेकून देवाची क्षमा मागून आली होती; आणि ज्याला त्या शिकवणीचे पान न् पान माहीत होते, त्याने ती क्षमा देऊन टाकली होती. शेठनी कसली कबुली दिली की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मोसंबी दिली होती.

हे फक्त जुन्या काळचे दुःख आहे असे कोणाला वाटू नये. निवृत्तीनंतर मी ताथवड्यात राहते. खिडकीतून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इमारती दिसतात, त्यांच्या पाट्यांवर यंत्रमानवांची चित्रे आहेत. आठवड्यातून एकदा आमच्या चर्चच्या गटाबरोबर मी चाकणच्या बाजूला एका रुग्णालयात जाते. परगावाहून आलेली, ठेकेदाराच्या हाताखाली लागलेली मुले तिथे हाताला बँडेज बांधून बसलेली असतात. लातूर, बीड, बिहार, ओडिशा. मी त्यांना चहा देते आणि फक्त विचारते, कसे झाले? गेल्याच आठवड्यात मिसरूड फुटलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझंच लक्ष नव्हतं." मी विचारले, "हात आत असला की मशीन थांबवतो तो सेन्सर चालू होता का?" तो म्हणाला, "तो बंदच असतो. चालू ठेवला तर टार्गेट होत नाही ना." हे त्याने इतक्या सहज सांगितले की त्याला स्वतःलाही आपण काय बोललो ते ऐकू आले नाही.

तर, ताईचे ते बोलणे ऐकून मी फादरांकडे गेले. ते चर्चच्या ओट्यावर पेटीच्या भात्याला चामड्याचा तुकडा चिकटवत बसले होते.

"फादर, जे पाप आपलं नाहीच, ते कोणी कबूल केलं, तर क्षमा कोणाला मिळते?"

त्यांनी मान वर केली. माझ्या मनात काय आहे ते त्यांना तत्काळ कळले. "रीटा, कबुलीत काय बोललं गेलं, त्याबद्दल मी अवाक्षर काढू शकत नाही. हे तुला माहीत आहे."

"मी कबुलीविषयी विचारत नाही. प्रेसविषयी विचारते आहे. डाव्या बटणात पाचर आहे. आजही आहे. ताईच्या जागी आता शकुंतला बसते."

शकुंतला ही बीडकडची, ताईची जोडीदारीण, आमच्याच चाळीत मावशीकडे राहणारी. फादरांनी चामड्याचा तुकडा भात्यावर दाबून धरला. मग म्हणाले, "पीटरभाऊंशी मी बोलेन. मऊपणानं बोलावं लागतं. ते मनानं वाईट नाहीत."

"शनिवारच्या वर्गात तुम्ही मऊपणाचं काही सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

फादर बोलले. त्याचे फळ असे की शेठनी ताईसाठी एक शिलाई मशीन घ्यायचे ठरवले. एक मे जवळ आला होता. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आणि आमच्याकडे कामगार संत योसेफ यांचा सण. मिस्सेनंतर सगळ्यांसमोर ताईला मशीन द्यायचे, वर हार घालून सत्कार करायचा, असा निरोप घेऊन स्वतः शेठ आले. दोन बोटे नसलेल्या उजव्या हाताने सुईत दोरा कसा ओवायचा, हे कोणीच विचारले नाही. बाबा हात जोडून "उपकार आहेत" म्हणाले. ताई म्हणाली, "आणि शकुंतलाचं काय शेठ? तिचं डावं बटण?" शेठ हसले. "तू आता त्याची काळजी सोड पोरी. ती लक्ष देते."

ते गेल्यावर ताईने आपला उजवा हात पुढे धरून पाहिला. मग एकाएकी म्हणाली, "रीटा, माझं लक्ष होतं. मला आत्ता आठवतंय. मी नीट बघत होते. हात आत असताना ते खाली आलं, कारण ते येऊ शकत होतं." आणि ती पहिल्यांदा रडली. मी अनेक प्रकारचे रडणे पाहिले आहे. हे संतापाचे होते.

आमच्या चर्चमध्ये एक मेची एक रीत होती. मिस्सेत अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरसाबरोबर प्रत्येक धंद्यातला एकेक जण आपले अवजार वेदीपाशी घेऊन येई. फादर त्यावर आशीर्वादित पाणी शिंपडत आणि ती अवजारे मिस्सा संपेपर्यंत वेदीच्या पायरीवर ठेवली जात. ग्रंथपीठावरून कोणीतरी प्रत्येक अवजाराचे नाव सांगे आणि ते वापरणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणे. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होते. शेठच्या शेडीतर्फे कोणी यायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा शेठ स्वतःच म्हणाले, "अ‍ॅग्नेसला पाठवा. शोभेल."

चर्च भरलेले होते. नव्या पत्र्यांखाली उकडत होते. बाबांनी आपली कलम करायची कात्री आणली, एका गवंड्याने थापी, एका परिचारिकेने थर्मामीटर, रिक्षावाल्या थॉमसभाऊंनी किल्ली. मी नाव घेत होते, लोक "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणत होते, फादर पाणी शिंपडत होते. मग ताई आली. तिच्या हातात स्टीलची ताटली, ताटलीवर रुमाल, रुमालावर हाताच्या अंगठ्याएवढा, तेलाने काळा पडलेला लाकडाचा तुकडा. आदल्या संध्याकाळी सुट्टीसाठी यंत्रे पुसताना शकुंतलाने तो काढला होता आणि डब्यात घालून आणला होता. फादरांना तो काय आहे हे कळले नाही. सुताराच्या कामातले काही असावे, असे त्यांना वाटले असेल. त्यांनी हात उचलला, क्रुसाची खूण केली आणि पाचरीवर पाणी शिंपडले.

मी मायक्रोफोनजवळ तोंड नेले. आमच्या दोघींचे काय ठरले होते ते मला पाठ होते. मी म्हणाले, "ही पाचर. प्रेसच्या डाव्या बटणात ही ठोकलेली असते. ही असल्यामुळे हात साच्यात असतानाही प्रेस खाली येते. अ‍ॅग्नेसची बोटं हिच्यामुळे गेली. उद्या सकाळी ही पुन्हा ठोकली जाईल आणि तिथं शकुंतला बसेल. तिच्या हातांसाठी आपण प्रार्थना करूया."

कोणीही उत्तर दिले नाही. तिसऱ्या बाकावरून शेठ उठले. "फादर, हे चर्च आहे का युनियनचं ऑफिस?" मागून कोणीतरी हसले, कोणीतरी "गप बसा" म्हणाले. आई बाबांचा हात घट्ट धरून बसली होती. फादर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढची प्रार्थना घ्या." ते तीन शब्द मी विसरलेली नाही. ताई मात्र पायरीवरून हलली नाही.

"पोरी, जागेवर जा," फादर हळूच म्हणाले. पण मायक्रोफोन चालू होता.

"जाते, फादर. कन्फेशनमध्ये मी सांगितलं होतं की मी निष्काळजीपणा केला. तुम्ही क्षमा दिली. ती मी परत द्यायला आलेय. ते पाप माझं नव्हतं."

असे काही आमच्या धर्मात होत नाही. दिलेली क्षमा परत करता येत नाही, तिला परत घेणारा कोणताही विधी नाही. सगळ्या चर्चला हे ठाऊक होते आणि म्हणूनच सगळे चर्च गोठले. शेठचा चेहरा लाल झाला होता. ते मोठ्याने म्हणाले, "मी एकट्यानं ठोकलीय का पाचर? ह्या सगळ्या पट्ट्यात कुठल्याही शेडीत जाऊन बघा, सगळीकडं ठोकलेलीच आहे! न ठोकता त्या भावात माल देऊन दाखवा मला कोणी!"

आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपण काय बोललो. इतके दिवस ज्या गोष्टीचे नाव 'लक्ष' होते, तिचे खरे नाव त्यांनीच सांगितले होते. शेठ जे म्हणाले ते खोटेही नव्हते. त्यांच्या वर मोठी कंपनी होती, तिने भाव ठरवला होता, वेळ ठरवली होती, आणि बटणांविषयी काहीही विचारायचे नाही असेही तिने ठरवलेले होते. पण वरच्याचे पाप दाखवल्याने खालच्याचे उतरत नाही.

फादर पुढे झाले. त्यांनी ताईच्या ताटलीतली पाचर उचलली, पायऱ्या उतरून शेठपाशी गेले आणि त्यांच्या हातात ठेवली. "पीटर," ते म्हणाले, 'भाऊ' नाही म्हणाले, "ही इथं राहू शकत नाही. आणि उद्या सकाळी मी तुमच्या शेडीत येणार आहे." मग ताईकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "तुझ्याकडं क्षमा करण्यासारखं काहीच नव्हतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही." शिलाई मशीन दारात हार घालून उभे होते, ते तसेच राहिले. मिस्सा पुढे चालू झाली.

दुसऱ्या दिवशी फादर खरोखरच आले. झगा घालून, प्रेसच्या शेजारी स्टूल टाकून बसले. शकुंतला आणि बाकीच्या मुली हात बांधून उभ्या राहिल्या. दोन्ही बटणे मोकळी असल्याखेरीज काम करणार नाही, असे शकुंतलाने सांगितले. सखूकाकू गोठ्यातून ओरडल्या, "ए शेठ, भाडं दुसऱ्याकडनं बी मिळंल मला, पोरीचा हात न्हाई मिळायचा!" दुपारपर्यंत शेठनी सगळ्या यंत्रांवरच्या पाचरी काढल्या. भिंतीतला आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा तो पूर्वीपेक्षा सावकाश होता. आईला भाकरीची लय नव्याने लावावी लागली.

इथेच थांबले असते तर ही चांगली गोष्ट झाली असती. पण मी गोष्ट सांगत नाही. चर्चमधल्या कितीतरी घरांनी आमच्याशी बोलणे सोडले. "आपल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं," असे ते म्हणत, आणि बाबांना ते फार लागले. पुढच्या वर्षी फादरांची बदली झाली. ती कोणी मागितली हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. शेठनी हळूहळू चर्चच्या मुलींना घेणे बंद केले आणि ज्यांना इथे कोणी ओळखत नाही अशा मुली आणल्या. शकुंतला लग्न होऊन गेली तेव्हा तिची दहाही बोटे मेंदीने रंगली होती. ती गेल्यावर काही महिन्यांनी भिंतीतल्या आवाजाचा वेग पुन्हा वाढला. ताई ऐकत बसे. मग एक दिवस ती उठून त्या नव्या मुलींना भेटायला गेली, आणि पुढे किती तरी वर्षे जात राहिली.

तर प्रश्नाचे उत्तर. पाप काम करणारीचे नाही. ज्याने पाचर ठोकली त्याचे आहे, ज्याने ठोकायला लावणारा भाव ठरवला त्याचे आहे, आणि ज्याने ती पाहून 'लक्ष दे' म्हटले त्याचेही आहे. ते वाटून घेतल्याने प्रत्येकाचा वाटा लहान होत नाही. जितके वाटेकरी, तितक्यांवर ते संपूर्ण बसते. हे माझे उत्तर आहे आणि मी शिक्षिका असले तरी ते माझ्या शब्दावर मान्य करू नये. तुमच्या ओळखीत प्रेसवर काम करणारे कोणी असेल, चाकणला, भोसरीला, कुठेही, तर त्याला आज फक्त एवढेच विचारा: यंत्र चालू असताना तुझा दुसरा हात कुठे असतो? आणि जमले तर स्वतः जाऊन पाहा.